जपान फिरल्याचा निरोप

काशम्मा शेंगा खात नव्हती.

आता सोलापुरात राहून शेंगा खायच्या नाहीत म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. इथं वांग्यात शेंगांचं कूट, भेंडीत कूट, आमटीत कूट. चटणी शेंगांची, सणाला पोळीही शेंगांचीच. काशम्माची भाजी वेगळ्या पातेल्यात व्हायची. शुक्रवार पेठेतल्या बायका विचारायच्या, "अव्वा, अंगावर उठतं का हो?"

"अंगावर न्हाई गं. जपानमुळं हाय."

बायका हसायच्या. पण ती खरं तेच सांगत होती.

बेचाळीस साली तिचा नवरा रुद्रप्पा पलटणीत स्वयंपाकी होता. ज्याची भाकरी घरच्या तव्यावर कधी फुगली नाही, त्याला सरकारनं लंगरावर घेतलं. लढाई किती बिकट आहे ते काशम्माला यावरूनच कळलं. सुट्टीवर आलेल्या एकानं सांगितलं, रुद्रप्पा लंकेत आहे, कोलंबोला. तेव्हापासून शेजारचे गुरप्पा पेपर मोठ्यानं वाचायला बसले की ती भिंतीला कान लावायची. सिंगापूर गेलं. रंगून गेलं. मग एक दिवस गुरप्पांनी वाचलं, जपानी विमानांनी कोलंबोवर बाँब टाकले. विमानं जहाजांवरून उडाली म्हणे. मद्रासची माणसं बोचकी बांधून पळायला लागली.

काशम्मा तशीच उठली आणि तळ्यातल्या सिद्धेश्वरापुढं जाऊन उभी राहिली. नवरा सुखरूप येऊ दे, एवढंच मागायचं होतं. पण बरोबर सासू आली होती, शरणम्मा. नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही, आणि सासूदेखत 'आमचे हे' तरी कसं म्हणायचं? नवी नवरी ती. लाजली, आणि नवऱ्याऐवजी जपानचं नाव घेऊन मोकळी झाली.

"सिद्रामा, जपानची जहाजं मागं फिरली असं माज्या कानावर येईपर्यंत शेंग तोंडात घालणार न्हाई."

लढाई संपली. रुद्रप्पा परत आला, धडधाकट, पोट सुटलेला. शरणम्मानं शेंगांच्या पोळ्या केल्या आणि सुनेच्या ताटात एक वाढली.

काशम्मानं नवऱ्याला विचारलं, "जहाजं मागं फिरली का वो?"

"मला काय ठाऊक? परत आली न्हाईत येवढं खरं."

"आली न्हाईत म्हंजी फिरली का?"

"अगं, जपान हरला की!" सासू म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक हाय. खा गप."

"हरला येगळं, आत्या. मी फिरली म्हणालेय. देवानं ऐकलंय."

पोळी ताटात तशीच राहिली. पुढं तिनं पोस्टमनला विचारलं, मिलमधल्या मुकादमाला विचारलं. सगळे एकच सांगायचे, हरला. फिरल्याचं कुणी सांगेना. असं करता करता केस पिकले. शरणम्मा गेली, सून ईरम्मा आली. चौऱ्याहत्तर साल उजाडलं तेव्हा काशम्माच्या तोंडात चावायला कामाचे असे चारच दात उरले होते, आणि त्यातला एक हलत होता.

हल्ली तिला एकच घोर लागला होता. दात गेल्यावर निरोप आला तर काय उपयोग? आणि निरोप आलाच नाही तर नवस डोक्यावर घेऊनच जायचं. वर जाऊन देवाला काय सांगायचं?

त्या साली माडीवर भाडेकरू आला. विरुपाक्ष त्याचं नाव, अक्कलकोटकडचा, कॉलेजात इतिहास शिकवायचा. दिवाळी करून गावाहून आला तो आईनं दिलेली शेंगाचटणी डब्यात घेऊन. काशम्मा डब्याला हात लावेना. पोराचं तोंड पडलं.

"आमच्या घरचं चालत न्हाई का अव्वा तुमाला?"

"असं कसं म्हणतोस लेकरा!" काशम्मा कळवळली. मग तिनं सगळं सांगितलं. सून पदर तोंडाला लावून हसत होती. विरुपाक्ष हसला नाही. तो म्हणाला, "ईरम्माक्का, पाच शेंगा द्या. फोडू नका. आणि वाटीभर पाणी."

कट्ट्यावर त्यानं पाच शेंगा मांडल्या. "कोलंबोवर विमानं घेऊन आलेली ही पाच मोठी जहाजं. तोवर जपान नुसता पुढं पुढं येत होता. आता बघा. महिन्याभरानं, मे महिन्यात, ह्यातली दोन गेली लांब ऑस्ट्रेलियाकडं. तितल्या समुद्राला पोवळ्यांचा समुद्र म्हणतात. मागून सैन्य उतरवायची जहाजं येत होती. अमेरिकेची विमानं आडवी आली. दोनी बाजूंची जहाजं एकमेकांना दिसलीसुद्धा न्हाईत, लढली ती विमानंच. जपानचं एक जहाज मोडलं, दुसऱ्याची विमानं संपली." त्यानं दोन शेंगा बाजूला सारल्या. "आणि सैन्याची जहाजं आल्या वाटेनं मागं फिरली."

काशम्मा पुढं सरकली. "काय झाली?"

"फिरली."

"बुडाली न्हवं? हरली न्हवं?"

"फिरली अव्वा. पयल्यांदाच."

काशम्मानं हात जोडले. विरुपाक्षानं उरलेल्या तीन शेंगा वाटीत टाकल्या आणि बोटानं खाली दाबल्या. "ही तीन जूनमधी बुडाली, मिडवे नावाच्या बेटापाशी. संगं चौथं एक. पण त्याआदी अमेरिकेची जी विमानं पाण्यालगत खालून गेली, त्यातली बहुतेक परत आलीच न्हाईत. पोरंच होती सगळी. त्यानंतर जपानची ती ताकद पुन्हा आली न्हाई."

रुद्रप्पा दारात उभा राहून ऐकत होता. कोलंबोचं अक्षर कधी न काढणारा माणूस एकदम बोलला.

"रविवार होता. मी रोट्या शेकत होतो. विमानं आली, आमी म्हटलं आपलीच असतील, हात केला. मग बंदर पेटलं. त्यानंतर रोज सकाळी वर बघायचं नि पीठ मळायचं. आज येतील, उद्या येतील. सबंध पावसाळा गेला. का आली न्हाईत, कुणी सांगितलंच न्हाई." तो वाटीकडं बघत राहिला. "म्हंजी ही पोरं मधी आली व्हय."

ईरम्माच्या डोक्यात हिशेब झाला होता. "आत्या, म्हंजी महिन्याभरातच नवस सुटला होता तुमचा. बत्तीस वर्षं उगीच की!"

"उगीच कशानं? सिद्रामानं लगीच ऐकलं. निरोप तेवढा उशिरा आला. आपल्याकडं तारसुद्धा चार दिवसांनी येती."

सोमवारी शेंगांच्या पोळ्या झाल्या. काशम्मा ताट घेऊन सिद्धेश्वराला गेली. पुजारी ओळखीचे, शिवप्पा. त्यांनी विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"नावं न्हाईत ठाऊक. समुद्रात गेलेली पोरं हायत. अमेरिकेची, जपानची."

"जपानची पण? ती तर तुमच्या मालकावर बाँब टाकायला आलती!"

"म्हणूनच. पोटभर जेवून जाऊ देत. भुकेली ऱ्हायली तर परत यायची."

शिवप्पा हसले, पण निवद दाखवताना त्यांनी ताट जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. काशम्मा डोळे मिटून उभी होती. मागायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं काय बोलावं तेच तिला सुचेना. शेवटी म्हणाली, "लई केलंत बाळांनो."

घरी आल्यावर तिनं पहिला घास मोडून नवऱ्यापुढं धरला, तोही सुनेदेखत.

"तू खा की," रुद्रप्पा म्हणाला. "माजं काय, मी..."

"ठाऊक हाय. सात रस्त्याला गाड्यावर शेंगा खाताव, नि मिशीत फोलपटं घेऊन घरी येताव. इतकी वर्षं बघतेय."

रुद्रप्पाचा हात आपोआप मिशीकडं गेला. काशम्मानं तो घास आपल्याच तोंडात घातला. हलणारा दात चुकवून, एका बाजूनं, सावकाश चावत राहिली.

"ईरम्मा," ती म्हणाली, "दुसरी वाढ. तूप जरा सैल हातानं."