रुमाल टाकलेली जागा

द्वारका चौकात रिक्षा अडकली होती, तेवढ्यात आक्काचा फोन आला. "तुझे दाजी गेले रे..." माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता वरही हे आपल्यासाठी रुमाल टाकून ठेवणार, आणि मी रिक्षात एकटाच हसलो. पाच आठवडे झाले, त्या हसण्याची लाज अजून जात नाही. पण माझ्या बहिणीचा नवरा माणूसच तसा होता. लग्नाची पंगत असो की दवाखान्याचा बाक, आधी दाजींचा रुमाल पोचायचा, मग आम्ही. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेली. खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल त्यांना सरकारी कागदाइतका पक्का वाटे. "बस सुटेस्तोवर रुमालाला कोणी हात लावत नाय," असं ते छातीठोकपणे सांगत.

मागच्या हिवाळ्यात आक्काने हट्ट धरला. गुडघे पुरते जायच्या आत एकदा तंबूत झोपायचं आणि उठल्या उठल्या समोर पाणी बघायचं. घोटीच्या पुढे त्या तलावावर शनिवारी इतके तंबू पडतात की काठ दिसत नाही. मी म्हटलं, फोन करून जागा ठरवू. दाजींनी माझ्याकडे बिनतिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं. पहिल्या बसने जाऊन त्यांनी पाण्याकाठच्या उंबराखाली रुमाल अंथरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि आम्हाला घ्यायला निवांत घोटीच्या स्टँडवर परत आले.

आम्ही पोचलो तर उंबराखाली निळा तंबू. दाजी बाह्या सरसावून निघाले, तोच आतल्या पोरांपैकी एक मुलगी बाहेर आली. "काका, हा तुमचा का? पडलेला सापडला. मळला होता, म्हणून धुऊन वाळत घातलाय." धुतलेल्या रुमालावरून भांडायचं कसं, हे तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते "थँक्यू" म्हणाले. आक्का निळ्या तंबूआडून दिसेल तेवढं पाणी बघत राहिली, आणि दाजींना तेच लागलं. शेवटी चहाच्या टपरीमागे, गाड्या लावतात तिथे आमचे दोन तंबू ठोकले. टपरीवाला समजूत घालत होता, "पानी दिसायचं नाय दाजी, पन चहा टायमावर भेटंल."

सकाळी उठलो तर आक्का-दाजींचा तंबू रिकामा. काठावर गेलो. उजाडता उजाडता दाजींनी त्या मुलीला जाऊन विचारलं होतं, "ताई, जरा सरकून घेता का?" आणि ती पोरं खरंच सरकली होती. निळ्या तंबूच्या तोंडाशी, पोरांच्या मधोमध आक्का शाल पांघरून बसलेली, हातात चहा, समोर सगळं पाणी. दाजी मागे उंबराची फांदी धरून उभे.

"बसा की दाजी," मी म्हणालो.

"सीट फुल हाय."

इतका खूश माणूस मी पुन्हा पाहिला नाही. जन्मभर मी त्यांना हसलो. त्या सकाळी मात्र मला त्यांचा हेवा वाटला.

मागच्या रविवारी आक्काकडे गेलो. खिडकीजवळच्या दाजींच्या खुर्चीवर तोच रुमाल अंथरलेला. बसायला म्हणून मी तो उचलला, तर स्वयंपाकघराच्या दारातून आक्का म्हणाली, "रुमाल दिसत नाही का तुला?"

बस केव्हाच सुटली होती... पण हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. रुमाल होता तसा अंथरला आणि खाली सतरंजीवर बसलो.