मेजरांचा काटा

"कानावर जाऊ नका बाई, काट्याकडं बघा."

हे म्हणताना मेजर उजवा तळवा टेबलावर पालथा ठेवायचे, डावा कान जरा पुढे करायचे आणि डोळे पडद्यावरून हलवायचे नाहीत. समोर कुणी मोठा गायक असो की पहिल्यांदा माइक बघणारा शेतकरी, वाक्य तेच. मी ते इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे ते बोलायच्या आधीच माझी मान पडद्याकडे वळायची.

काटा म्हणजे काय, तेही सांगते. कॉम्प्युटरवर गाण्याचं मिक्सिंग करताना एक मोजमापाचा प्लग-इन, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लावतात. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहान खिडकी उघडते आणि तिच्यात हिरवे-पिवळे खांब वर-खाली नाचतात. गाणं एकंदर किती मोठं झालं आहे तो एक आकडा खाली दिसतो, आणि त्यातल्या हळू व मोठ्या जागांत किती अंतर आहे तो दुसरा. काट्यासारखं तिथे काहीच नव्हतं. पण आमच्या भागात मोजायचं यंत्र म्हटलं की माणसाला कारखान्यावरचा उसाचा वजनकाटाच आठवतो, त्यामुळे त्यांनी याचंही नाव काटा ठेवलं होतं. वर गिऱ्हाइकाला म्हणायचे, "त्यो काटा मारत्यात असं लोक म्हनत्यात. ह्यो मारून दावा."

सगळे त्यांना मेजर म्हणत. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. हे हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. गाव कोरेगावकडचं, नोकरी सगळी तोफखान्यात. पेन्शनीत आल्यावर कुणी सिक्युरिटीत जातो, कुणी दुधाचा धंदा करतो. यांनी कराडात खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या, भिंतींना गाद्या ठोकल्या आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला. लोक हसले. मीही हसले असते, पण तेव्हा त्यांना ओळखत नव्हते.

मी कन्याशाळेत संगीत शिकवत होते. शाळा सकाळची. एका भजनी मंडळाला पेटीची साथ करायला म्हणून स्टुडिओत गेले, तर पहिल्याच दिवशी मेजर म्हणाले, "बाई, तुमचा कान चांगला हाय. दुपारचं येत जावा." माझ्या कानाला चांगलं म्हणणारं तोवर शाळेत कुणी भेटलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून जायला लागले.

तिथे येणारी गाणी कसली, हे तुम्हाला सांगायला नको. जत्रेची, वाढदिवसाची, पुढाऱ्याच्या स्वागताची, आणि हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरवर वाजवायची. ट्रॅक्टर रस्त्याने जाताना तुम्हीही पाहिला असेल. ऊस दिसायच्या आधी गाणं येतं.

असाच एक ट्रॅक्टरवाला आला. म्हणाला, "मेजर, मागची ट्रॉली हालली पायजे. सगळं फुल करा." मेजरांनी त्याच्या गाण्याची दोन मिक्स केली. एकात सगळं सपाट दाबून वर आणलेलं, दुसऱ्यात हळू जागा हळूच ठेवलेल्या. काट्यावर दोन्हींचा एकूण आकडा सारखा केला. मग त्याला टेबलापाशी बसवून एकामागून एक ऐकवली. दुसऱ्यात हलगी आली तेव्हा तो खुर्चीतून उठला.

"ह्यातली अंगावरच आली की वो!"

"आली, कारन तिच्या आदी मी गप बसलो हुतो," मेजर म्हणाले. "गड्या, गान्याला दम घिऊ द्यायचा असतो. माझ्या काट्यावर ह्यो दुसरा आकडा बघ. ह्यो शून्याला टेकला, की गानं मेलं समज."

मग खाली रस्त्यावर ट्रॅक्टरवर चाचणी झाली. ती त्यांची पद्धतच होती. वरून गाणं घेऊन खाली यायचं आणि गिऱ्हाइकाच्याच स्पीकरवर ऐकायचं. खताचा दुकानदार कपाळाला हात लावून बाहेर यायचा. मेजर चाकाला टेकून उभे राहायचे, एक हात ट्रॉलीच्या पत्र्यावर. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस किती मन लावून ऐकतो. ते पत्र्यावर हात का ठेवतात, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

आता त्या बटणाबद्दल.

टेबलावर स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायचं एक मोठं काळं बटण होतं. काटा कॉम्प्युटरातलं गाणं मोजतो. खोलीत तुम्ही ते किती मोठ्यानं ऐकता हे त्याला कळत नाही. म्हणून मेजरांनी फौजी शिस्तीनं बटण एका जागी लावलं होतं आणि त्या जागेवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. "ह्याच्या फुडं न्हाई," ते म्हणायचे. "रोज एकाच आवाजात ऐकलं तर कानाला शिस्त ऱ्हाती." मी खूष झाले होते. पेटी शिकवताना मीही असंच काहीतरी मुलींना सांगायची.

दुसऱ्या वर्षी त्या ठिपक्याच्या पुढे बोटभर अंतरावर दुसरा ठिपका दिसला. मी विचारलं. "पावसाळ्यानं गाद्या भिजल्यात, आवाज वडून घेत्यात," ते म्हणाले. पटण्यासारखं होतं. गाद्या वाळल्या, ठिपका राहिला. पुढे दिवाळीनंतर तिसरा आला, आणि त्या खेपेला मी विचारलं नाही. घरी गेल्यावर माझ्या डोक्यात बराच वेळ एक बारीक सूर वाजत राहायचा. मी तो दमल्यामुळे आहे असं धरून चालले.

मेजर कधीच "काय?" म्हणत नसत, हेही माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. समोरचा बोलला की ते त्याच्या ओठांकडे बघायचे आणि हसून म्हणायचे, "व्हय व्हय, लय छान." एकदा आमच्या ढोलकीवाल्यानं दारातून सांगितलं, की वडिलांना दवाखान्यात ठेवलंय, आठवडाभर येत नाही. मेजर पाठमोरे होते. वळून म्हणाले, "व्हय व्हय, लय छान." ढोलकीवाला माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला हातानं खूण केली, जा म्हणून. तो गेल्यावर मेजरांनी मला विचारलं, "उद्या येतोय न्हवं?" मी काय म्हणाले? म्हणाले, "आठवडाभर नाही येणार, वडील आजारी आहेत." एवढंच. ते गोरेमोरे झाले, आणि मी दुसरीकडे बघितलं.

मग आटपाडीकडची धनगर मंडळी आली. पाच-सहा म्हातारे, ओव्या म्हणणारे. आवाज असे, की गादी ठोकलेल्या भिंतीही थरारल्या. मेजरांनी आठवडाभर जीव ओतून ते मिक्स केलं आणि मला ऐकवलं. ओवी सुंदर होती. पण तिच्या मागे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक बारीक तीक्ष्ण शिट्टी होती. रेकॉर्डिंगच्या वेळी कुणाचा तरी मोबाइलचा हलका चार्जर बोर्डात तसाच राहिला होता, त्याची. दातात खडा यावा तशी ती मला लागली.

"मेजर, शिट्टी येतेय."

त्यांनी काट्यावरचा एकूण आवाजाचा आकडा पाहिला. उणे चौदा. बरोबर जिथे हवं तिथे.

"आकडा बरुबर हाय," ते म्हणाले.

"आकडा असेल हो. पण शिट्टी—"

"बाई, आकडा बरुबर हाय."

त्यांनी तळवा टेबलावर पालथा ठेवला होता, आणि डावा कान स्पीकरकडे वळवला होता. त्या क्षणी मला सगळं कळलं: ठिपके, पत्र्यावरचा हात, डावा कान. आणि त्यांना कळलं, की मला कळलं.

माझी चूक इथे झाली. मी घाबरले. मेजर बहिरे होताहेत हे कराडात पसरलं असतं तर एक माणूस त्या जिन्यावर चढला नसता. त्या खोल्यांशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं, गावाकडे गेले की दोन दिवसांत परत यायचे, म्हणायचे, "तिथं नुस्तं गप गप वाटतंय." म्हणून मी दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेल्यावर गुपचूप शिट्टी काढून टाकली आणि गाणं पुन्हा तिथेच ठेवलं. म्हाताऱ्यांना तेच गेलं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. मेजर मिक्स करायचे, मी मागून निस्तरायची. गाण्याच्या शब्दांतला 'स'चा उच्चार आताशा सुरीसारखा कापायचा, कारण जे ऐकू येत नव्हतं ते ते वाढवत राहायचे. बटण चौथ्या ठिपक्यावर गेलं. काट्यावर उणे चौदाच. मी त्यांच्या शेजारी, त्याच स्पीकरांसमोर, रोज दुपारभर बसत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

आठ महिन्यांनी एकदा मी शाळेतून पोचले, तर ते पडद्यासमोर ताठ बसलेले. सावधानमध्ये बसावं तसे.

"बाई, हे गानं मी उने चौदावर सोडलं हुतं. आज चौदा पॉइंट दोन दावतंय. कुनी हात लावला?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. काटा होता समोर.

"मी."

"किती दिस?"

"धनगरांची ओवी आली होती तेव्हापासून."

ते ओरडतील असं वाटलं. ते म्हणाले, "ती शिट्टी लावा." मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मी लावलं. त्यांनी डावा कान स्पीकरच्या जाळीला चिकटवला, डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: वाजतेय. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. तेवढा वेळ मी कधी विसरणार नाही.

"तोफंजवळ हुतो तवाच उजवा गेला," ते म्हणाले. "मला वाटलं, काटा हाय तवर कान नसला तरी चालंल. काटा कुटं चुकला न्हाई. मीच त्येच्या माघारी बटन फिरवत बसलो."

"मेजर, आपण दोघं मिळून करू की. तुम्ही मिक्स करा, मी ऐकते."

"आवं बाई, तुमी कशानं ऐकनार?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या संगं ह्या आवाजात तुमी किती वर्स बसलाय? मला फुडं कमी ऐकाया येतंय म्हनून मी वाडवलं, आन् तुमचा चांगला कान त्येच्यात घातला. हे मी कुटं फेडू?"

मला रडू आलं. स्वतःसाठी नाही, तेव्हा मला स्वतःची काळजी वाटायची अक्कल नव्हती. त्यांनी बटण पहिल्या ठिपक्यावर आणलं, बाकीचे तीन ठिपके नखानं खरवडले आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"चालवायचं तर ह्याच्या फुडं न्हाई. शब्द द्या."

मी दिला. ते जिना उतरून गेले. खाली खताच्या दुकानदाराने त्यांना हाक मारली, दोनदा. ते वळले नाहीत, आणि दुकानदाराला वाटलं मेजर रुसले.

याला आता चार वर्षं झाली. मेजर गावाकडे असतात. शेतात आलं लावलंय म्हणून कळतं. मी शाळा सोडली आणि खोल्या चालवते. काट्याची खिडकी त्याच कोपऱ्यात आहे.

परवा लोणंदहून एका महिला भजनी मंडळाच्या बाई आल्या होत्या. त्यांचं गाणं मी ऐकवत होते. छान झालं होतं. वरचा-खालचा फरक राखलेला, मेजरांना आवडलं असतं. बाईंनी मध्येच कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढे वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "ताई, ही मागं शिट्टी कसली वाजतीय?"

मी कान दिला. गाणं होतं, टाळ होते. शिट्टी नव्हती. मी काट्याकडे पाहिलं. उणे चौदा.

"आकडा बरोबर आहे," मी म्हणाले.

म्हणून झाल्यावर माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. तळवा टेबलावर पालथा होता. त्याच्या शेजारी बटण. पहिला लाल ठिपका एकीकडे, आणि बटण तिथे, जिथे मेजरांनी शेवटचा ठिपका खरवडून काढला होता. मी ते कधी तिथवर नेलं, मला आठवत नाही. मेजरांना फोन करावा असं वाटलं. पण फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही.

मी बटण मागे, पहिल्या ठिपक्यावर आणलं. खोलीतला सगळा आवाज एकदम लांब गेला. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, त्या हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. ओठ हलताना मला दिसले.

"हो हो," मी हसून म्हणाले, "लय छान."