तिसरं पिल्लू

सौदीत दम्मामला असताना मुलीच्या तिसरीच्या वर्गाला प्राण्यांचे तक्ते करायचे होते. तिच्या वाट्याला कांगारू आला, म्हणजे माझ्याच वाट्याला आला. नवऱ्याने ऑफिसातून माहितीचे कागद छापून आणले आणि तो आठवडाभरासाठी प्लांटवर निघून गेला.

मला तेव्हा नववा आठवडा होता. तीन महिने भरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे मुलीला ठाऊक नव्हतं, नाशिकला आईलाही नव्हतं. तो निघण्याच्या आदल्याच दिवशी हैदराबादी डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली होती. वाढ सातव्या आठवड्यालाच थांबल्यासारखी दिसत होती, ठोके सापडत नव्हते. "आठ दिन बाद फिर देखेंगे," त्या म्हणाल्या. मी कोणाजवळ रडणार? नवरा तेवढा होता, तोही "बघू" म्हणून गेला.

तो गेला त्या दुपारी धुळीचं वादळ आलं. फटींत ओले टॉवेल कोंबले तरी दाताखाली रेती कचकचत होती, आणि घरभर पिवळा अंधार. आम्ही दोघी फरशीवर तक्ता पसरून बसलो. मी वाचून सांगत होते. कांगारूचं पिल्लू महिनाभरात जन्मतं, शेंगदाण्याएवढं, आंधळं, बिनकेसांचं. आई त्याला उचलत नाही, ते स्वतःच तिच्या केसांतून सरपटत पिशवीत पोचतं. बाहेर हुंदडणाऱ्या पिल्लाला एक दूध, पिशवीतल्याला वेगळं. आणि तिसरं असलंच तर ते पोटात वाढायचं थांबून राहतं. पिशवी रिकामी होत आली की पुन्हा वाढू लागतं.

ते वाक्य मी तीनदा वाचलं. मी बी.एस्सी. झालेली बाई, आपण कांगारू नाही हे मला कळत होतं. तरी थांबणं म्हणजे संपणं नव्हे, एवढ्यावर मी ते आठ दिवस काढले.

मुलीने चित्रात एक पिल्लू बाहेर काढलं, एक पिशवीत, आणि पोटात पेन्सिलीचा बारीक ठिपका. मग तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "मम्मा, धीरे बोलो. ही इज स्लीपिंग." त्यानंतर ती तक्त्याजवळून चवड्यांवर चालायची. एसी वाढवला की ठिपक्यावर हातरुमाल पसरायची. मला तिची भीती वाटायला लागली होती, पोटच्या पोरीची.

आठव्या दिवशी सकाळी बघते तर ठिपका नाही. जागा स्वच्छ, भोवती खोडरबराचा चुरा.

"का पुसलास?"

"ही इज गॉन, मम्मा."

माझं डोकंच फिरलं. "खोटारडी!" म्हणून ओरडले, तिला गदागदा हलवलं आणि पेन्सिल हिसकावून ठिपका पुन्हा काढला. ती रडली नाही. नुसती माझ्या पोटाकडे बघत राहिली. तेवढ्यात प्लांटवरून परतलेल्या नवऱ्याने खाली हॉर्न वाजवला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा माझ्यासमोरून स्वतःकडे वळवून घेतला.

तक्ता शाळेत गेलाच नाही. तिने त्याबद्दल कधी विचारलं नाही, मीही तिची माफी मागितली नाही. तक्ता अजून माझ्या कपाटात आहे. तिच्या दोन पिल्लांच्या रेघा अगदी हलक्या आहेत. तिसऱ्याच्या जागी मी पेन्सिल इतकी दाबली होती की तिथे कागदाला भोक पडलंय.