चार आवाज आन् एक पेला

इकडे सरक वं पोरी, कायले दूर बसून राह्यली? रेडिओवर लागलं ना, हे जर्मन देवळातलं गाणं, ते आमी इंग्रजांच्या राज्यात वाशीमच्या चर्चमंधी मराठीत गायलो. चार आवाज एकामागून एक यायचे अन् शेवटी मिसळायचे, "आमी सारे एक शरीर." मायचा जाड आवाज ऐकून अंगावर काटा यायचा.

मग एका रविवारी गाणं झाल्यावर प्रभूभोजनाचा पेला फिरला; येशूच्या नावानं सारे त्याच एका पेल्यातून द्राक्षरस प्यायचे. आमी मूळचे महारवाड्यातले. मायनंतर पेला पाटीलबुवांकडे गेला. तेबी ख्रिस्तीच, मायसंगच गायलेले. त्यायनं पेल्याचा काठ उपरण्यानं खसाखसा घासला अन् म्हनले, "पाद्रीसाहेब, मले आधी देत जा."

पाद्री तसंच द्याले लागला! माय पुन्हा कधी गायली नाही. एवढं गोड गाणं, पण मले शिसारी येते वं.

लवकर ये पुन्हा. हे दुसऱ्या कोणाजवळ बोलवत नाही.