कठड्यासाठी मिळालेली वीस मिनिटं

मी बिलिंगमधला माणूस. जासईच्या आमच्या यार्डात कुठला कंटेनर किती दिवस पडून राहिला आणि त्याचं भाडं किती झालं, हे काढणं माझं काम. पण सेफ्टी ऑफिसर नोकरी सोडून गेला होता, नवा आला नव्हता. मी आकडे नीट मांडतो म्हणून सुरक्षेचं प्रेझेंटेशन माझ्या गळ्यात पडलं.

विषय एकच होता. गेटपासून शेडपर्यंत मजूर पायी जातात आणि त्याच वाटेवर ट्रेलर आणि कंटेनर उचलणारी मोठी यंत्रं मागेपुढे होत असतात. तिथंच, रिव्हर्स घेणाऱ्या यंत्राखाली सापडून आमचा एक मजूर गेला. चालवणाऱ्याला तो दिसलाच नव्हता. पायवाटेला लोखंडी कठडा घाला, एवढं मला मुख्य कार्यालयातून येणाऱ्या दोघांना पटवायचं होतं. कठडा महाग नव्हता. पण त्याला जागा द्यायची तर कंटेनरची एक अख्खी रांग कमी करावी लागत होती, आणि त्या रांगेचं वर्षाचं भाडं मीच काढलं होतं. नुसत्या आकड्यांवर गेलो तर आपण हरणार, हे पनवेलला घरी तयारी करत बसलो असतानाच मला कळून चुकलं.

म्हणून माझी सगळी भिस्त यार्डातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणातल्या एका तुकड्यावर होती. तो अपघाताचा नव्हता. तो दाखवायची माझी छाती झाली नसती. एका साध्या सकाळचा होता. माणसं जेवणाच्या पिशव्या घेऊन चालली आहेत, ट्रेलर त्यांच्या खांद्याला घासल्यासारखा जातो, एक बाई पुढे पाय टाकते आणि झटकन मागे घेते. मॅनेजरसाहेबांच्या कॉम्प्युटरवर तो बघताना मी स्वतः खुर्चीत मागे सरकलो होतो. अपघातानंतर कॅमेऱ्याचं काहीही बाहेर न्यायला बंदी होती, त्यामुळे तो तुकडा त्यांच्याच कॉम्प्युटरवर राहिला. आयत्या वेळी ते लावून देणार होते.

मजुरांनी अपघाताच्या जागेची शांती करायची मागणी केली होती. ती मात्र व्यवस्थापनानं लगेच मान्य केली. शांती आणि सत्यनारायण एकाच दिवशी करायचं ठरलं, आणि गुरुजींना मोकळा असलेला तो दिवस नेमका पाहुण्यांच्या भेटीचा निघाला. भेट दुपारी होती, म्हणून कोणी काही बोललं नाही. सकाळी फोन आला, पाहुणे लवकर पोचतायत. न्हावा शेव्याचा रस्ता तुंबायच्या आत त्यांना परत निघायचं होतं. मला वीस मिनिटं मिळणार होती.

हॉलमध्ये चौरंग मांडून झाला होता. प्रोजेक्टरच्या पडद्यावर झेंडूच्या माळा. यजमान म्हणून मॅनेजरसाहेबच सोवळं नेसून पत्नीसह पाटावर बसलेले. मी त्यांच्यामागे उकिडवा बसलो.

"साहेब, पाहुणे गेटवर आलेत. तुमचा पासवर्ड हवाय."

"संकल्प सोडलाय हो. आता उठता येत नाही."

"उठू नका. नुसता सांगा."

"सांगून काय उपयोग? ओटीपी फोनवर येतो. फोन पँटमध्ये, पँट कपाटात."

"कपाटाची किल्ली?"

मागे वळून न बघता साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "माझ्या पर्समध्ये. पर्स गाडीत. आणि गाडी घेऊन ड्रायव्हर गेलाय केळीची पानं आणायला."

"यजमान, अक्षता घ्या हातात," गुरुजी मोठ्यानं म्हणाले.

मी उठलो. अपघातात गेलेल्या मजुराचा भाऊ जिन्यापाशी उभा होता. तोही आमच्याच यार्डात काम करतो, गाव जवळच. त्यानं विचारलं, "सायेब, आज कठड्याचा ठरल ना?"

"बघू," मी म्हटलं.

वरच्या छोट्या केबिनमध्ये दोघे बसले, एक साहेब आणि एक मॅडम. माझा लॅपटॉप मी त्यांच्यापुढे ठेवला. खाली गुरुजींचा लाऊडस्पीकर लागला तशी वरची वीज गेली, आणि बॅटरीवर लॅपटॉप जेमतेम चार पानं चालला. पुढचं मी तोंडी सांगितलं. साहेबांनी एकच आकडा विचारला, रांगेच्या भाड्याचा. मी तो सांगितला. खोटा सांगता आला नाही.

मग मला वाटलं, कॅमेरा नाही तर नाही, खिडकी तर आहे. मी त्यांना खिडकीशी नेलं.

खाली यार्ड बंद होतं. शांतीसाठी सकाळीच पाणी मारून धुतलेलं. यंत्रं एका ओळीत उभी, प्रत्येकाला हार. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

"केवढी मोकळी जागा आहे," मॅडम म्हणाल्या.

"आज पूजेमुळे बंद आहे. रोज असं नसतं."

"रोज कसं असतं?"

मी सांगत होतो. ती बाई, तिचा मागे घेतलेला पाय, सगळं सांगितलं. ते दोघे त्या धुतलेल्या जमिनीकडे बघत होते.

"पिवळा पट्टा मारून घ्या," साहेब म्हणाले. "पायी जाणाऱ्यांनी पट्ट्याच्या आत चालायचं. रांग मोडायची गरज नाही. आणि आता पूजाही झालीय, लोकांच्या मनातली भीती जाईल." खालून आरतीचा आवाज आला तसे दोघे प्रसादाला उतरले.

भाऊ प्रसादाच्या रांगेत होता. मला बघून बाहेर आला.

"काय झाला?"

"पट्टा मारणार आहेत. पिवळा."

"कठडा?"

"नाही."

"त्या मशिनीला माझा भाऊस नाय दिसला, सायेब. पट्टा दिसल?"

त्यानं वाढणाऱ्याकडून आणखी एक द्रोण मागून घेतला, गेलेल्या भावाच्या बायकोसाठी. ती पूजेला आली नव्हती. द्रोण कागदात गुंडाळून तो गेटकडे निघाला. यार्ड अजून बंदच होतं. त्या दिवशी ती वाट चालायला अगदी सुरक्षित होती.

पट्टा पुढच्याच आठवड्यात मारला. महिन्याच्या अहवालात 'उपाययोजना पूर्ण' असं मलाच लिहावं लागलं. रंग वाळायच्या आत एक ट्रेलर त्यावरून गेला, आणि त्याच्या चाकांच्या पिवळ्या खुणा शेडच्या दारापर्यंत उमटल्या. त्या कोणी पुसल्या नाहीत.