'पाणी नाही' नावाचं वायफाय

आमच्या छत्रपती संभाजीनगरात माझ्या आत्याच्या वायफायइतकं अभेद्य दुसरं काही नाही. दौलताबादचा किल्ला म्हणाल, तर तो शेवटी पडला. आत्याचं वायफाय अजून पडलेलं नाही. सत्तरी ओलांडलेली, काका गेल्यापासून एकटी राहणारी, जाड भिंगाचा चष्मा लावून मोबाईल नाकाला टेकवणारी ही बाई. पण तिच्या परवानगीशिवाय तिच्या नेटवरून गुड मॉर्निंगचं एक फूलसुद्धा कुणाच्या फोनवर उतरलेलं नाही. हे मी चारचौघांत छाती पुढं काढून सांगतो.

हा कडकपणा दुष्काळातला आहे. तेव्हा शेंद्र्याकडं कारखाने उभे राहत होते, शहराला रोज नवी कॉलनी फुटत होती आणि नळ मात्र आठवड्यातून एकदा नुसताच गुरगुरायचा. अशात आत्याचा अंगणातला भरलेला ड्रम एका सकाळी रिकामा सापडला. पाणी तर गेलंच, झाकणही गेलं. घरात माझी आतेबहीण तापानं फणफणलेली आणि आत्या हातात तांब्या घेऊन दारोदार फिरतेय, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच दिवशी ड्रमाला साखळी आणि कुलूप आलं. पण संध्याकाळी तिनं फाटकाबाहेर वाटसरूंसाठी एक रांजणही ठेवला. "मागून प्यावं, चोरून नाय," एवढंच ती म्हणाली. झाकण कुणी नेलं ते पुढं कळलं, पण आत्यानं ते नाव आमच्या घराबाहेर जाऊ दिलं नाही.

वायफाय बसवायला माणूस आला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "ह्याची किल्ली कुणाकुणाकडं असती?" पासवर्ड डब्याच्या मागंच छापलाय, असं तो म्हणाला. "म्हंजी तुझ्याकडं बी हाय की!" झालं. तो पासवर्ड बदलला, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा असतो हे कळल्यावर तोही बदलला, आणि मगच त्या बिचाऱ्यापुढं चहा आला. त्यानं नेटवर्कला तिचं आडनाव आणि घर नंबर दिला होता. "दारावर पाटी हाय ना? मग हवेत कशाला?" असं म्हणून तिनं नाव ठेवलं, 'पाणी नाही'. आजही त्या गल्लीत कुणी वायफाय शोधलं, की मोबाईलवर आधी 'पाणी नाही' उमटतं आणि नवीन भाडेकरू बादल्या घेऊन धावतात. त्याच्याखाली पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क आहे, त्याचं नाव अर्थातच 'रांजण'. शेजारचे चाचा अधूनमधून फाटकाशी येऊन विनवतात, "आपा, अंदर का पासवर्ड देव ना, रांजण लई आस्ते चलता." आतल्या नेटवर्कला 'टाकी' म्हणणारी आत्या त्यांच्याच बोलीत सुनावते, "रांजण का पियो चाचा, टाकीकू हात नक्को लगाव," आणि आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकते.

राउटर अपडेट करण्याला ती 'गाळ काढणं' म्हणते आणि त्यासाठी मला रविवारी हजर राहावं लागतं. ओटीपी आला की घरात चिटपाखरू नसलं तरी मोबाईल पदराखाली झाकते. पण तिचं खरं हत्यार म्हणजे घरच्यांसाठीचा खुणेचा प्रश्न. अनोळखी नंबरवरून आपलं माणूस बोललं, तरी विचारायचं: "ड्रमाचं झाकण कुणी नेलं?" उत्तर मी इथं लिहिणार नाही. आत्या हे वाचणार आहे.

एकदा वैजापूरच्या मार्केट यार्डात माझा मोबाईल कांद्याच्या गाडीखाली गेला. बायकोचा नंबर पाठ नाही. पाठ एकच, आत्याचा. एका आडत्याच्या फोनवरून म्हटलं, "आत्या, मी बोलतोय. हिचा नंबर सांग लवकर."

"झाकण कुणी नेलं?"

घाईत मला काही केल्या आठवेना. "अगं, आवाज तरी ओळख!"

"आवाज कुणी बी काढतंय आजकाल," म्हणून तिनं फोन ठेवला. आडत्या माझ्याकडं संशयानं बघायला लागला. परत आल्यावर तावातावानं तिच्याकडं गेलो, तर तिनं पिठलं-भाकरीचं ताट समोर धरलं. "आधी उत्तर सांग, मग जेव."

पुढच्या वर्षी खराच चोर आला. फोनवर हुबेहूब माझा आवाज, तोही रडवेला: अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, तुला कोड आला असेल तो सांग. तिच्या म्हातारपणाची बँकेतली सगळी पुंजी त्या एका कोडाच्या पलीकडं होती. "वाटलं तूच हायस. लई वाटलं रं," ती मला नंतर सांगत होती. "पण विचारलं." पलीकडून शिवी आली. तिनं फोन ठेवला आणि तक्रार नोंदवूनच पाणी प्यायली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला इतका अभिमान कुणाचाच वाटलेला नाही.

परवा मी नव्या नंबरवरून तिला फोन केला. "बोल रं," म्हणाली, "टाकीचा पासवर्ड बदललाय, लिहून घे," आणि सांगायलाच लागली.

"आत्या, थांब. आधी विचार."

"काय?"

"झाकणाचं."

ती हसली. "बघत व्हते, तुला ध्यानात हाय का."

मग तिनं विचारलं आणि मी उत्तर दिलं. ती खरंच माझी परीक्षा घेत होती की विसरली होती, हे मी विचारलं नाही. हल्ली मी तिला रोज फोन करतो, आणि तिनं झाकणाचं विचारेपर्यंत पुढं बोलत नाही.