रोल न घातलेला कॅमेरा
कपाट आवरताना जुना कॅमेरा हाती लागला आणि त्याच्या चामडी कव्हरच्या कुबट वासानं खुटबावची ती मुलगी आठवली. तेव्हा शिरूरला माझा स्टुडिओ होता. साडीच्या एका दुकानाच्या कॅलेंडरसाठी मी तिला दुसऱ्यांदा बोलावलं होतं. काम ऐनवेळी रद्द झालं तर निम्मे पैसे, हे तिनं पहिल्याच खेपेला ठरवून घेतलं होतं. त्या सकाळी दुकानदाराचा फोन आला की, मुंबईहून तयार फोटो मिळालेत, आता नको. तोवर ती चौफुल्याला एसटी बदलून, या वेळी आईला घेऊन, दारात उभी. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. मला सांगायचा धीरच झाला नाही. रोल न घालताच मी तासभर फ्लॅश मारत राहिलो, "मान जरा वर" म्हणत राहिलो, आणि आई बाकावरून कौतुकानं बघत राहिली. आई चपला घालायला बाहेर गेल्यावर मी पूर्ण पैसे पुढं केले. मुलीनं निम्मे टेबलावर परत ठेवले. "रद्द झालं तर निम्मंच ठरलंय, भाऊ. मागच्या टायमाला परत्येक फोटोला ती बाजूची किल्ली फिरायची. आज न्हाई फिरली. म्हंजी आत रोलच न्हवता." मी विचारलं, "मग तासभर उभी कशाला राहिलीस?" ती म्हणाली, "आई बघत व्हती ना." नवा रोल तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्येच होता. निदान त्या आईसाठी तरी तो घालायला हवा होता, हे मला आज सुचतंय.